बुटाखालची खूण

आमच्या पद्माकरला क्लबात पॅडी म्हणायचे. चिकपेटातल्या साड्यांच्या होलसेल दुकानवाल्या मुकुंदरावांचा मुलगा, आईने कपाळाला गंध लावून बाहेर पाठवलेला, आणि लॉरेल क्लबाच्या फाटकातून आत शिरला की पॅडी. गंध तो कब्बन पार्कापाशीच पुसून टाकायचा. मला कसं कळलं? काकू, म्हणजे त्याची आई, सारखी कुरकुरायची की याच्या रुमालांना लाल डाग कुठून पडतात. मी म्हटलं, काकू, लिपस्टिक असेल. बिचारीला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी त्याची चुलत बहीण. त्याच्यापेक्षा बरीच मोठी, त्यामुळे तो मला अक्का म्हणतो, आणि त्याचं ऐकून सगळी गल्लीच अक्का म्हणते. लग्न करून घालवली तीही दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून त्याला चिडवायचं काम कधी थांबलंच नाही. पोरगा उंच, किडकिडीत, चालताना मान पुढे. गिटार पाठीवर घेतली की मी म्हणायची, आलं बघा, शिडी घेऊन लाइटवाला आला. तो लगेच उलटून बोलायचा. अक्का, तुझ्या घरचा फ्यूज उडालाय असं ऐकलं, भावोजींनी बोलावलंय. असं आमचं चालायचं.

जॅझ म्हणजे काय ते त्यानेच मला समजावलं होतं, दुकानाच्या मागच्या खोलीत, साड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून. आधी सगळे मिळून गाणं सरळ वाजवतात. मग एकेक जण ते गाणं हाताला धरून फिरायला निघतो, वाटेल त्या गल्लीत शिरतो, बाकीचे घर सांभाळतात. आणि मग सगळ्यांनी एकदम घरी परतायचं. मी म्हटलं, आपले गवई समेवर येतात तसंच की. तो म्हणाला, अगदी तसंच, फक्त इथे वाट चुकली तर दुसऱ्याच्या घरात घुसशील.

दर रविवारी दुपारी क्लबात ही मंडळी वाजवायची. कटलेट, बिअर, वर खडखडणारे पंखे, आणि कॉक्स टाउन नाहीतर रिचर्ड्स टाउनमधून आलेली म्हातारी जोडपी नाचायला. मी कधी कधी जायची. काकाकाकूंना वाटायचं, अक्का बरोबर आहे म्हणजे पोरगा बिघडणार नाही. अक्का तिथे लिंबूसोडा पीत बसून कोणाचा विग आहे आणि कोणाचे खरे केस हे बघत असायची.

पंच्याण्णव साल असेल. मी दुकानात शिरताना म्हटलं, काय लाइटवाले, शिडी कुठाय? उत्तर नाही. मी पुन्हा म्हटलं. तो हिशेबात मान घालून बसलेला. मला वाटलं रुसलाय. मग मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे दचकला. म्हणाला, अक्का, कधी आलीस?

चिडवणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते, समोरच्याने ऐकलं नाही आणि समोरच्याने ऐकून सोडून दिलं यातला फरक. मी त्याला मागच्या खोलीत नेला. त्याने बरेच आढेवेढे घेतले, मग सांगून टाकलं. कानाच्या नसा वाळत चालल्यात. डॉक्टरने मशीन दिलं होतं, पण ते घातलं की पंखा, रिक्षा, आईची भांडी सगळं एकाच मापाने डोक्यात शिरायचं, आणि गिटार पत्र्याच्या डब्यासारखी लागायची. ते त्याने कपाटात टाकून दिलं होतं.

मी विचारलं, मग रविवारी वाजवतोस कसा?

तेव्हा तो हसला आणि मला नोएलची गोष्ट सांगितली.

नोएल म्हणजे बासवाला. कपाटाएवढं ते वाद्य, त्याच्यामागे हा गोल चेहऱ्याचा अँग्लो-इंडियन गडी उभा असायचा, आणि पद्माकर त्याला चिकटून खुर्चीवर. आपली गिटार पद्माकरला छातीवर कळायची, ड्रम लाकडी स्टेजवरून पायात कळायचा. पण सॅक्सोफोनवाला फिरायला गेलेला कुठवर पोचला, परत कधी वळला, हे काही केल्या कळायचं नाही. मग यांनी एक युक्ती काढली. आमच्या काकांच्या तरुणपणी चिकपेटात रेशमाचा भाव तोंडाने बोलत नसत. पंचा टाकायचा, त्याच्याखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूला बसलेल्याला पत्ता नाही. पद्माकर लहानपणी काकांच्या मांडीवर बसून ते बघायचा. त्याने तेच नोएलला शिकवलं, फक्त बोटांऐवजी पाय. नोएलने बुटावर बूट एकदा दाबला की तुझी पाळी, जा फिरायला. दोनदा दाबला की परत घरी. बस. अर्धं वर्ष झालं होतं हे सुरू होऊन, आणि त्या स्टेजवर कोणालाही कळलं नव्हतं.

मला शपथ घातली. काकांना कळलं तर गिटार माळ्यावर जाईल आणि हा कायमचा गल्ल्यावर बसेल. रविवारची ती दुपार सोडली तर त्याच्याकडे दुसरं होतं काय? लग्नाला नाही म्हणून बसलेला, मित्र म्हणावा तर तो नोएल. मी कोणाला बोलले नाही. माझ्या तोंडात इतका वेळ टिकलेली ती एकच गोष्ट.

पुढच्या वर्षी नोएलला परदेशी, पर्थला, जाऊन राहायचे कागद आले. त्याची सगळी बहीणभावंडं आधीच तिकडे. बायको पिशव्या भरून तयार. पद्माकर मला म्हणाला, चांगलं झालं त्याचं. दोनदा म्हणाला. नोएल त्याच्या मागे लागला होता की जो नवा बासवाला येतोय त्याला सांगून ठेवतो, स्वल्प दिवसांत शिकेल तो. पद्माकर नको म्हणाला. नवा पोरगा इलेक्ट्रिक बास गळ्यात अडकवून स्टेजभर उड्या मारायचा, त्याचा पाय जमिनीवर असेल तर ना. आणि एकाला सांगितलं की ते सगळ्यांना. मग टाळ्या पडतील त्या गिटारीला नाही, बहिऱ्याला पडतील. हे तो म्हणाला, मी नाही.

नोएलच्या शेवटच्या रविवारी मी गेले. पुढच्याच टेबलाशी बसले, त्यांचे बूट दिसतील अशी. क्लब भरलेला. नोएलच्या गळ्यात कोणीतरी हार घातला होता, तो बासच्या तारांत अडकायला लागला म्हणून काढून ठेवला. पहिली गाणी झकास झाली. एकदा दाबला, पद्माकर निघाला. दोनदा दाबला, परत. मी लिंबूसोडाही विसरले. त्या दिवशी तो जसा वाजवत होता तसा मी त्याला कधी बघितला नव्हता, मान खाली, आणि ओठांवर ते लहानपणीचं, चोरून लाडू खाल्ल्यासारखं हसू.

शेवटचं गाणं संथ होतं. पद्माकरची पाळी. तो निघाला आणि लांब गेला, फार लांब. नोएल त्याच्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरले आणि त्याने आपला पाय हळूच पद्माकरच्या बुटावर ठेवला. ठेवला, आणि तसाच राहू दिला.

आता ही खूण त्यांच्यात नव्हतीच. मला समोरून दिसत होतं, पद्माकर वाट बघतोय. एक की दोन? पाय उचललाच जाईना. त्याला वाटलं काहीतरी बिनसलं, कोणीतरी थांबलंय, आपलंच चुकलंय. त्याचा हात तारांवरून उठला आणि हवेतच राहिला. गिटार बंद. नोएल दचकला, आणि चालू ठेव म्हणून घाईघाईने पाय दाबला. दोनदा.

दोनदा म्हणजे घरी. पद्माकरने मूळ गाणं धरलं. पण तोवर सॅक्सोफोनवाल्याने त्याची जागा भरायला म्हणून आपलं फिरणं सुरू केलं होतं. दोन्ही एकमेकांवर आदळली. लोकांना वाटलं निरोपाची काहीतरी गंमत आहे, हसले, टाळ्या वाजवल्या. सॅक्सोफोनवाला मागून विचारत होता, पॅडी, काय झालं? पॅडी? पॅडी? पद्माकर तसाच पुढे बघत वाजवत राहिला. ड्रम सोडून बाकी सगळे थांबले तरी हा वाजवतच होता. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि त्या स्टेजवरच्या प्रत्येकाला एकदम कळलं. मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं की त्यांना कळलं.

फाटकाशी नोएल त्याला मिठी मारून रडला. माफी मागत होता, पण तोंड पद्माकरच्या खांद्यात खुपसून, म्हणजे ते याला काय कळणार? रिक्षात बसल्यावर पद्माकरने मला विचारलं, "तो पाय ठेवला, तेव्हा त्याला काय सांगायचं होतं?"

मी त्याच्याकडे तोंड करून सांगितलं, "निरोप घेत होता रे."

त्याने गिटार मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "मग तोंडाने घ्यायचा होता, अक्का. ते मला वाचता येतं."

क्लबवाले फार चांगले वागले. कोणी जा म्हणालं नाही. उलट म्हणाले, तुझी खुर्ची तुझीच, वाटेल तेव्हा ये, नुसता बस. तेच त्याला सोसलं नाही. एका रविवारी गेला, माझ्याशेजारी टेबलाशी बसला. नवा पोरगा उड्या मारत होता. पद्माकर लोकांच्या हातांकडे बघून टाळ्या वाजवायचा, त्यामुळे त्याची टाळी नेहमी एकटी मागे राहायची. पुन्हा गेला नाही.

मी एकदा म्हटलं, मी बसते तुझ्याजवळ, मी दाबते पाय. दुकानाच्या मागच्या खोलीत करूनही बघितलं. तो म्हणाला, अक्का, तू पापडाची लाटी दाबल्यासारखं दाबतेस. खरंच होतं, मला ताल कुठला? दोघं हसलो, आणि मग तो गिटार पुसून पेटीत ठेवायला लागला, ते मला बघवेना.

आता तो दुकानातच असतो. काका खुशीत आहेत. त्यांनी आपला जुना पंचा पुन्हा काढलाय, गिऱ्हाईक समोर बसलं की त्याखाली पोराचा हात धरतात आणि भाव सांगतात. बाजारात सगळे म्हणतात, मुकुंदरावांनी जुनी पद्धत जिवंत ठेवली. पोराला ऐकू येत नाही, हे काका कोणाला सांगत नाहीत. पद्माकर मान हलवतो, सरी, म्हणजे बरं, म्हणतो, साडी उलगडतो.

मी अजून जाते, अजून चिडवते. लाइटवाले, शिडी कुठाय? तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो आणि हसतो. पूर्वी माझं वाक्य संपायच्या आत उलटून बोलायचा. आता मी तोंड मिटलं की मग हसतो.