अब्रोरच्या घरचं बेशिक

मार्गिलानच्या बाजारात बेशिक, म्हणजे बाळाचा लाकडी पाळणा, घ्यायचं तर लोक अब्रोरकडे यायचे. तुतीचं लाकूड, लाल-पिवळा रंग, वरच्या दांडीत ओवलेल्या लाकडी कड्या. बाळाला पाळण्यात उताणं निजवायचं, हात-पाय सरळ करायचे, रुंद पट्ट्यांनी बांधायचं आणि वरून कापडं टाकायची. मार्गिलानच्या खोऱ्यातलं प्रत्येक मूल असंच वाढलेलं. अब्रोरचे आजोबा बेशिक करायचे, वडीलही करायचे.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी अब्रोरला मूल नव्हतं. शेजारचा चाकूवाला रोज टोचायचा, "काय उस्ताद, गावाची पोरं झोपवता, आपल्या घरी अजून जागच का?" अब्रोर हसायचा आणि रंधा जोरात मारायचा.

मग मुलगा झाला, सरदोर. चाकूवाल्याला पहिली मिठाई अब्रोरने स्वतः नेऊन दिली.

दूध पिताना सरदोरचे ओठ जांभळे पडत. आधी अब्रोरच्या बायकोला, मुअत्तरला वाटलं, थंडीने. मग रडतानाही पडू लागले. नखंसुद्धा. दोघं त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं.

"हृदयात भोक आहे," त्या म्हणाल्या. "आणि फुप्फुसाकडे रक्त जायची वाट अरुंद आहे. ऑपरेशन ताश्कंदला होईल. बोलावणं येईपर्यंत जपा. निळा पडला की गुडघे दुमडून छातीशी धरायचे, असे. रडू द्यायचं नाही. पाय ताणून बांधायचं नाही. बेशिक तर अजिबात नाही."

अब्रोरने रंगाने माखलेली बोटं मुठीत घेतली.

"तुम्ही काय करता?"

"सुतारकाम," तो म्हणाला.

परत येताना गाडीत तो मुअत्तरला म्हणाला, "घरी सांगू नकोस. अशक्त आहे म्हणू."

"आईंना तरी सांगू या."

"आईला सांगितलं की गल्लीला कळलं. बेशिकवाल्याच्या पोराला बेशिक चालत नाही म्हणतील. बाजारात तोंड कसं दाखवू?"

मुअत्तरने बाळाचे गुडघे शालीतून चाचपून पाहिले.

बाळाला पहिल्यांदा बेशिकात बांधायचा सोहळा मात्र ठरलेला होता. पहिल्या नातवाचं बेशिक मुलीच्या बापाने आणायचं असतं. मुअत्तरच्या वडिलांनी ते जावयाकडूनच विकत घेतलं, त्यावर सगळी गल्ली हसली. "एका दाराने विकलं, दुसऱ्या दाराने परत आलं!" अब्रोरही हसला. इतकं सुंदर बेशिक त्याने आधी कधी केलं नव्हतं.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी मुअत्तरने त्याला ओसरीवर गाठलं.

"अहो, आजारी आहे म्हणून सांगा. मी दार लावून बसते."

"शंभर माणसं आलीत, मुअत्तर. घटकाभर बांधतील, मिठाई उधळतील, की तू लगेच सोड."

"आणि निळा पडला तर?"

"घटकाभराचा प्रश्न आहे. तू जवळ असशीलच ना."

बायका आत, पुरुष अंगणात. मोठ्या कढईतला पुलाव वाढायला घेतला होता. उघड्या खिडकीतून आतलं सगळं ऐकू येत होतं. बाळाला बांधायचा मान गल्लीतल्या वडीलधाऱ्या सोजिदा खालांचा. त्यांची नऊ मुलं, नऊही जिवंत. रीतीप्रमाणे त्यांनी बाळाला मुद्दाम उलटं ठेवलं, डोकं पायथ्याशी.

"असं निजवू का गं?"

"नाही, नाही!" बायका ओरडल्या.

"मग असं आडवं?"

"नाही, नाही!"

"मग असं?"

"हो, असंच! असंच!" सगळ्यात मोठा आवाज अब्रोरच्या आईचा होता. किती वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती.

हशा झाला. पट्ट्या ओढल्याचा आवाज अब्रोरला ऐकू आला, निदान त्याला तसं वाटलं. सरदोर रडायला लागला. जोरात रडला. मग बारीक. मग गप्प झाला.

"बघा उस्ताद!" चाकूवाला म्हणाला. "बापाच्या हातचं लाकूड ओळखलं पठ्ठ्याने. लगेच झोपला."

अब्रोरच्या हातात पुलावाचं ताट होतं. ते ठेवून आत जायचं, एवढंच करायचं होतं. त्याने ताट पुढच्या पाहुण्याला दिलं आणि दुसरं उचललं.

तेवढ्यात आतून मुअत्तर ओरडली.

तो दाराशी पोचला तेव्हा कापडं जमिनीवर होती. मुअत्तर गाठी सोडत नव्हती, ओरबाडत होती. पोर शाईसारखं झालेलं. मान लोंबत होती. तिने त्याचे गुडघे दुमडून छातीशी दाबले आणि तशीच बसून राहिली. बायका मिठाई मुठीत धरून उभ्या. पुष्कळ वेळाने ओठांच्या कडेला जरासा रंग आला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी ताश्कंदला फोन लावला. आता बोलावण्याची वाट पाहायची नाही, रुग्णवाहिकेने न्यायचं. बाहेरच्या बाकावर अब्रोरची आई कपाळ बडवून घेत होती.

"मी ओरडत होते रे, असंच म्हणून! मला सांगितलं असतंस तर दारात आडवी पडले असते. मिठाईचा तुकडासुद्धा वाटू दिला नसता कुणाला. मला का नाही सांगितलंस, बाळा?"



रुग्णवाहिका आली. चालक म्हणाला, आईबरोबर आणखी एकाच माणसाला जागा आहे. अब्रोरने दुपट्यांची पिशवी उचलली आणि पायरीवर पाय ठेवला.

"तुम्ही नको," मुअत्तर आतून म्हणाली. सरदोरचे गुडघे तिच्या हातात होते, नाकावर नळी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "आई, तुम्ही या. कसं धरायचं ते वाटेत शिकवते."

म्हातारीने लेकाच्या हातातली पिशवी घेतली. पायरी उंच होती. अब्रोरने आधाराला हात पुढे केला, तर तिने दाराची कडी धरली आणि एकटीच वर चढली.