लंडनच्या बातम्यांतली शांतता

माझे वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई होते. संध्याकाळी आकाशवाणी ऐकून झाली की ते रेडिओचा काटा फिरवून लंडनच्या हिंदी बातम्या लावायचे आणि म्हणायचे, "आता खरं काय ते कळंल." त्याच शाळेत शिकून पुढे मी नर्सिंगची पदवी घेतली. आमच्या घरातली ती पहिली पदवी. आज मी सौदीत जेद्दाला, अल अझीझिया भागातल्या एका खासगी हॉस्पिटलात डायलिसिस वॉर्डात नर्स आहे. इथे चहाच्या खोलीतही लंडनचाच चॅनल लागलेला असतो, कारण आमच्या नर्सिंग-प्रमुख मॅडम ब्रिटिश आहेत. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं.

माझ्यासोबत पूर्व आफ्रिकेतली एक सिस्टर काम करते. तिच्या देशाचं नाव लिहीत नाही, तिचे घरचे अजून तिथेच आहेत. तिकडे निवडणूक लागली. तिचा धाकटा भाऊ शाळामास्तर, आणि विरोधी उमेदवाराचा बूथवरचा एजंट. मोजणी संपेपर्यंत मतपेटीजवळून हलायचं नाही, एवढंच त्याचं काम. मतदानाच्या आदल्या दिवशी तिथलं इंटरनेट बंद झालं, मग फोनही लागेनात.

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी तिला आमच्याकडचं सांगत बसले. बूथ आमच्या शाळेतच असायचा. बाकं वडील लावायचे, मुक्कामी अधिकाऱ्यांना आई पिठलं-भाकरी पाठवायची, आणि दोन्ही पक्षांचे एजंट वडिलांच्याच चंचीतला तंबाखू खायचे.

"मग पेटीला कुलूपही तुझे वडीलच लावत असतील," ती म्हणाली. जरा हसली.

दुसऱ्या दिवशी बातम्यांत तिचा देश आला. रांगेतल्या बायका दाखवल्या. मागे पुस्तकांचं कपाट असलेले एक गृहस्थ या निकालाने ब्रिटिश कंपन्यांचं काय होईल ते सांगत होते. खाली पट्टी होती : तुरळक घटना वगळता मतदान शांततेत. मी चहा तसाच ठेवून वॉर्डात गेले. ती मशीनच्या नळ्या जोडत होती.

"शांततेत झालं," मी म्हटलं.

"कोण म्हणतं? अंकल?" त्या चॅनलला ती अंकल म्हणते. न विचारता आपल्या घरातलं बोलतो तो अंकल, असं तिचं म्हणणं.

"हो."

"तुरळक घटना कुठे झाल्या, ते सांगितलं का अंकलने?"

ते सांगितलं नव्हतं. नकाशात तिचा देश पिवळा रंगवला होता. तिच्या गावाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मग तिच्या एका नातेवाइकाने सीमा ओलांडून पलीकडच्या देशातून फोन केला. मोजणी चालू असताना गाडी आली, पेटी नेली. भाऊ पेटी सोडेना, म्हणून त्यालाही नेलं.

तिची वार्षिक रजा संपली होती. देशाबाहेर जाऊन परत यायचं तर हॉस्पिटलने परवानगी काढून द्यावी लागते. आम्ही दोघी मॅडमकडे गेलो. त्यांनी दोघींना बसवलं, स्वतः चहा ओतला.

"तातडीची रजा मृत्यू किंवा गंभीर आजारासाठी असते," त्या म्हणाल्या. "भाऊ हॉस्पिटलात आहे का?"

"माहीत नाही."

"काही कागद?"

"कागद पाठवणारा तोच होता, मॅडम."

मॅडमनी तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. "परदेशी निरीक्षक तर शांततेत झालं म्हणतात. तुमच्याकडे निवडणुकीला थोडं असं होतं ना? मग निवळतं."

मी म्हटलं, "मॅडम, ती सांगते ते खरं आहे."

"असेलही. पण वर मी काय लिहून पाठवू?"

चहा वरून दूध घातलेला होता, मॅडम पितात तसा. तो पिऊन आम्ही वॉर्डात परतलो.

इंटरनेट चालू झालं तोवर निकाल लागला होता. जुनेच अध्यक्ष पुन्हा आले. लंडनहून त्यांचं अभिनंदन झालं, तेही आम्ही चहाच्या खोलीतच पाहिलं. तिची आई आता रोज ठाण्यावर जाते. तिथले सांगतात, असा कुणी माणूस आमच्याकडे आलाच नाही.

निकालानंतरच्या शुक्रवारी वडिलांचा फोन आला. लंडनच्या बातम्या ते आता मोबाइलवर ऐकतात.

"तुझ्या मैत्रिणीच्या देशात शांततेत झालं म्हणं."

"आबा, तिचा भाऊ सापडत नाही. बूथवरून उचलून नेलाय."

आबा म्हणाले, "हे नाही सांगितलं त्यांनी." आणि मग, "सकाळपास्नं बूथवर बसलेलं पोर. जेवला तरी होता का गं?"

विचारावं की नाही, मला कळेना. तरी दुसऱ्या दिवशी मशीनपाशी उभं असताना विचारलं, आबांचं नाव सांगून.

"आईने डबा दिला होता," ती म्हणाली. नळीतली हवा काढून तिने चिमटा लावला. "डबा शेजाऱ्याने परत आणून दिला. रिकामा होता, म्हणजे जेवला असणार."