तलवारीच्या पानावरची ओळ

कामठ्याकडच्या एका मालगुजारांनी माझ्याकडून घराण्याच्या जमिनींचा इतिहास लिहवून घेतला. गाव पूर्वजांनी तलवारीने मिळवले, असे त्यांचे म्हणणे होते.

तलावाचे पाणी शेतांना वाटणारा म्हातारा पाण्याची खोली घोट्याने मोजत हसला. "तलवार कायची, गुरुजी? त्याईचे आजे खाटेवर बसून राहत. तलाव माह्या आजानं खंदला, म्हणून ही धानाची बांधी आमाले देली. लिहून ठेवा, नाही तं मालकाचा पोरगा उद्या म्हणंल, निघ."

मी ते तलवारीच्या हकिकतीच्याच पानावर लिहिले. मालगुजारांनी स्वतःचे नाव तेवढे वाचून सही केली.

ते पान घेऊन मी तलावावर परतलो, तेव्हा म्हाताऱ्याने ओले बोट धोतराला पुसून विचारले, "कोनती ओळ?"

मी दाखवली.

"लहान हाये," तो समाधानाने म्हणाला. "पन बांधीही लहानच हाये."