वरच्या गल्लीचं पाणी

बंगळूरला चिकपेटेच्या मागे ज्या तीन गल्ल्या एकीवर एक चढावर जातात, तिथे आप्पाजीला त्याच्या नावाने फारसं कुणी हाक मारत नसे. सगळे नीरगंटी म्हणत. खेड्यात तळ्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेताला वाटून देणारा माणूस, त्याला कानडीत नीरगंटी म्हणतात. आप्पाजी शहराच्या पाणी खात्यात होता आणि वाटायचा नळाचं पाणी, पण एवढा फरक करत बसायला चिकपेटेला सवड कुठली? छातीला लागेल एवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटे निघाला, की ज्या गल्लीची पाळी असेल तिथल्या बायका पदर खोचून तयार होत. रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, अंगाचा भार देऊन ती फिरवायची. काम एवढंच. एवढ्यासाठी लोक त्याला वाकून नमस्कार करत, आणि त्याची पाठ वळली की शिव्याही देत.

दोन्हींचं त्याला काही वाटत नसे. एकूणच कशाचं काही वाटून घ्यायची त्याला सवय नव्हती. चार पिढ्यांमागे बंगळूरला येऊन राहिलेलं मराठा घर, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी, आणि आप्पाजीचं तर तेही मोजकंच. इकडे शहरात कारखान्यांवर कारखाने निघत होते, माणसांचे लोंढे येत होते, आणि शहराला पाणी पुरवणारं तिप्पगोंडनहळ्ळीचं तळं काही त्यांच्यासाठी मोठं होत नव्हतं. उन्हाळ्यात गल्लीला दोन दिवसांआड पाणी, तेही जेमतेम तासभर. खालच्या गल्लीचं बंद केल्याशिवाय वरच्या गल्लीत थेंब चढत नसे. आणि आप्पाजीचं घर नेमकं वरच्या गल्लीत.

त्यामुळे वरच्या गल्लीची सुरुवातीला समजूत अशी, की आपला माणूस आहे, घटकाभर जास्त सोडेल. तो काही सोडत नसे. कुणाचं लग्न असो, बारसं असो, पाळी म्हणजे पाळी. त्याची बायको शालन हिने नवी नवरी असताना एकदा विचारून पाहिलं होतं. तो नाही म्हणाला. तिने पुन्हा विचारलं नाही. लोक याला इमान म्हणत, आणि होतंच ते इमान, नाकारून कसं चालेल? फक्त अशा इमानाबरोबर संसार करणं म्हणजे काय, हे कुणी शालनला विचारलं नाही.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात शालन तापाने पडली. होसकोटेहून तिचा भाऊ मालोजी आला, डॉक्टर झाले, औषधं झाली, ताप उतरायचं नाव घेईना. मध्येच वरच्या गल्लीची पाळी आली. आप्पाजीने पाणी सोडलं, गल्लीने भरून घेतलं. शालन अंथरुणात, मालोजी तिच्या उशाशी, आणि आप्पाजी खाली चावीपाशी. साऱ्या गल्लीला पाणी देऊन त्याच्याच घरच्या घागरी कोरड्या राहिल्या, आणि हे तिघांच्याही ध्यानात आलं नाही. शेजारच्या भाग्यलक्ष्मीने आपल्यातली अर्धी घागर आणून ओतली. त्यावर कसेबसे दोन दिवस निघाले. त्यानंतरच्या पहाटे शालन गेली.

आप्पाजी भिंतीला टेकून बसला. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, हे त्याला कळत होतं, पण काही होत नव्हतं. बायका जमल्या, शालनभोवती बसून रडू लागल्या. त्यातल्या वयस्कर बाईने आंघोळीचं पाणी तापवायला म्हणून घागर हलवली, ती रिकामी. शेजारी विचारलं, तिथेही तळ गाठलेला. पाळी उद्याची. कुणाकडून तांब्या, कुणाकडून फुलपात्र असं मागून आणावं, तर सवाष्ण गेलेली बाई, तिला का अशी उसन्या पाण्याची घालायची आंघोळ?

मालोजी बांबू आणायला निघाला होता. तो दारात थांबला.

"दाजी, माझ्या बहिणीला आंघोळीशिवाय न्यायची काय?"

आप्पाजी उठला. कोपऱ्यातली चावी उचलली आणि तो बाहेर पडला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आज खालच्या गल्लीची पाळी होती आणि वेळही झाली होती. बायकोचं मढं घरात ठेवून हा कामावर निघाला, असंच सगळ्यांना वाटलं. त्यालाही तसंच वाटलं होतं. त्याने खालच्या गल्लीचं पाणी सोडलं, नेहमीसारखा क्षणभर उभा राहिला, आणि मग त्याच हातांनी ते बंद केलं आणि वरच्या गल्लीचं उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याने असं काही ठरवलं नव्हतं. मागून खालच्या गल्लीतल्या बायका ओरडू लागल्या, नीरगंटी, पाणी का गेलं म्हणून. तो न वळता चढ चढून वर आला.

घरात कुणी नव्हतं. दार सताड उघडं आणि मधोमध शालन एकटी. गल्लीतल्या नळाने खाकरून हवा सोडल्याचा आवाज आला असणार, आणि ऊर बडवून रडणाऱ्या बायका एक एक करून उठल्या असणार. मालोजी अजून आला नव्हता. आप्पाजीला राग आला नाही. शालन जिवंत असती तर तीही अशीच उठून धावली असती, आणि तेच बरोबर होतं. तो तिच्याजवळ बसला. नळावरची भांडणं, घागरींचा खणखणाट, सगळं त्याला ऐकू येत होतं. हे सगळं आपण रोज घडवतो आणि आजवर कधी जवळून ऐकलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात नळावरून भाग्यलक्ष्मीचा आवाज आला, "शालनक्का, तुझी पाळी!"

भांडण एकदम थांबलं. भाग्यलक्ष्मी कानडी घरातली, शालनशी बोलून बोलून मराठी शिकलेली. धावताना तिने नेहमीच्या सवयीने शालनच्या दोन घागरीही उचलून नेल्या होत्या आणि रांगेत आपल्यामागे ठेवल्या होत्या. सवयीनेच हाक मारली होती. आता ती तोंडाला पदर लावून उभी होती आणि नळ नुसताच वाहत होता.

आप्पाजी उठून नळावर गेला. बायका बाजूला झाल्या. त्याने एक घागर नळाखाली धरली, ती भरली, मग दुसरी. भरलेली घागर उचलायची कशी, ते काही त्याला नीट जमेना. मी आणते, असं भाग्यलक्ष्मी म्हणाली, तर त्याने नकारार्थी मान हलवली.

"शालन किती न्यायची?" त्याने विचारलं.

"दोनच, अण्णा. एक तुमच्या आंघोळीला, एक सैपाकाला. तिसरी घे म्हटलं तर बेडा, नको म्हणायची. पाणीवाल्याची बायको जास्त नेते म्हणून लोक बोलतील म्हणायची."

आणि तिची आंघोळ? हा प्रश्न आप्पाजीच्या ओठांपर्यंत आला. पाळीच्या दिवशी कामावरून आल्यावर तो भरलेली घागर अंगावर रिकामी करत आला होता, आणि हे त्याला कधी सुचलं नव्हतं. भाग्यलक्ष्मी खाली बघत होती. त्याने विचारलं नाही. त्याने वाकून घागर कशीबशी उचलली.

घागरी घरी आल्या. एक आंघोळीला घेऊ, दुसरी राहू दे, घरात पाणी नाही, असं वयस्कर बाई म्हणाली.

"दोन्ही तिलाच घाला," आप्पाजी म्हणाला.

आत शालनच्या अंगावर पाणी पडत होतं, तोवर तो दाराबाहेर उभा राहिला. दुसरी घागर पालथी झाल्याचं ऐकू आल्यावर त्याने चावी उचलली आणि तो खालच्या गल्लीचं पाणी सोडायला गेला.