अक्कांचा कडू घास

गल्लीत कुणाच्या घरी माणूस गेलं की लोक आधी सोयऱ्यांना फोन लावायचे आणि अक्का पिठल्याची कढई चढवायच्या. पाथर्डीत माझ्या आईच्या शेजारी राहणाऱ्या या बाईंना हे काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं. मर्तिकाच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी नेतात आणि पहिला घास घरच्यांना बळेच भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. अक्का टोपलं घेऊन आल्या की रडणाऱ्या बायकाही सावरून बसत. "रड की बाई, कोन नको म्हन्तंय? पन खाऊन रड," असं म्हणत त्या घास थेट तोंडाशी न्यायच्या. नाही म्हणायची कुणाची बिशाद नव्हती.

नाही म्हणाल्या त्या फक्त अक्का स्वतः. त्यांचा एकुलता एक दत्तू लष्करात होता. तो तिरंग्यात गुंडाळून घरी आला तेव्हा सगळी पाथर्डी लोटली होती. माझ्या आईनं घास पुढे केला आणि अक्कांनी तोंडाला पदर लावला. "त्यो घास गिळला की दत्तू गेला आसं हुईल," एवढंच बोलल्या. पुढं त्या जेवू लागल्या, हसू लागल्या, माझ्या लग्नात तर फुगडीही खेळल्या. पण पिठल्याला पुन्हा तोंड लावलं नाही. लोकांसाठी मात्र करत राहिल्या. आम्ही कुणी तो विषय काढत नसू.

आता अक्का नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला नगरचे ते दोन दिवस आठवतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या माझ्याकडे राहिल्या होत्या. मी चित्रकला शिकवते. तेव्हा आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये युक्रेनच्या चित्रकारांचं प्रदर्शन लागलं होतं, सगळी युद्ध सुरू झाल्यावर काढलेली चित्रं. त्यांच्यासोबत ओक्साना नावाची एक चित्रकार मुलगी आली होती. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर अक्का काही घरात बसेनात, म्हणून त्यांना बरोबर घेऊन गेले.

दारातच त्यांनी चपला काढल्या. इथे चालतात हो, असं मी म्हणाले खरी, पण आत शिरल्यावर मीही सँडल काढून आले. दारूगोळ्याच्या खोक्याची एक फळी होती, तिच्यावर सोनेरी रंगात बाळाला कडेवर घेतलेली मरियम, आणि खिळ्यांची भोकं तशीच ठेवलेली. एका भिंतीवर भिंतभर काळं शेत होतं आणि त्यात मेणबत्त्यांचे बारीक ठिपके. रोज पाहूनही माझ्या अंगावर काटा यायचा. त्या हॉलमध्ये मोठ्यानं बोलायला जीभ उचलत नसे. अक्का मात्र कोपऱ्यातल्या एका लहान चित्रापाशी थांबल्या. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर भरलेला पेला आणि पेल्यावर झाकणासारखा ठेवलेला काळ्या पावाचा तुकडा.

"जेवान काढून ठिवलंय व्हय? कोन गेलं ह्यांचं?"

मी थक्क झाले. ते चित्र ओक्सानाचंच होतं, म्हणून तिला विचारलं. तिचा भाऊ आघाडीवर मारला गेला होता. गेलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे असा पेला ठेवतात. ती तेव्हा परदेशात होती, मातीलासुद्धा पोचू शकली नव्हती. हे सगळं मी अक्कांना सांगितलं.

"मंग हिला घास कुनी दिला?"

"त्यांच्यात तशी पद्धत नसेल, अक्का."

"पद्धत नसंल. पोट तर हाय."

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती पिठल्याच्या वासानं. हॉलमध्ये खायला बंदी होती आणि शिपायानं डबा पाहून अडवलंच. "मर्तिकाच्या घरी आडवतो व्हय रं?" अक्कांनी दरडावलं, तो बिचारा बाजूला झाला. ओक्सानाला हाताला धरून त्या चित्राखाली फरशीवर बसवलं आणि घास तिच्या तोंडाशी नेला. मी समजावून सांगायला लागले होते, तोवर तिनं तोंड उघडलंसुद्धा. रडत रडत ती अर्धी भाकरी जेवली.

मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि अक्कांच्या तोंडापुढे धरला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. अक्कांचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यावरच राहिला. पोरीचा हात काही मागे होईना. अक्कांनी एकदा वर त्या पेल्याकडे पाहिलं आणि घास घेतला.

खूप वेळ त्या चावत होत्या. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग घास गिळून माझ्याकडे वळल्या.

"अगं, आळनी झालंय की हे! इतकी वर्सं लोकांला आसंच चारलं व्हय मी? कुनी बोललं न्हाई."

आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "माजा दत्तू आसता, तर पैल्या घासालाच बोलला आसता."