झेंड्याची दोरी आणि टांझानियाच्या बाई

बॅनर छापून आलं तेव्हा सव्वीस जानेवारीला दोन दिवस उरले होते. त्यावर लिहिलं होतं, ‘ध्वजारोहण : टांझानियाच्या सन्माननीय पाहुण्यांच्या शुभहस्ते.’ मी झरीजवळच्या एका गावची ग्रामसेवक. वाचून हातातला चहा बाजूला ठेवला.

पाहुण्या म्हणजे तिकडच्या एका गावच्या प्रमुख. ज्वारीच्या प्रशिक्षणासाठी परभणीत आल्या होत्या. त्यांना बोलवायची कल्पना उपसरपंच भगवानरावांची, आणि ती चांगलीच होती. दोरी त्यांच्या हातात देणं ही गडबड. ग्रामपंचायतीचा झेंडा सरपंचानं फडकवायचा असतो. आमच्या सरपंच रुक्मिणबाईंची मुदत फेब्रुवारीत संपत होती, आणि पाच वर्षांत दोरी एकदाही त्यांच्या हाती आली नव्हती. दर वेळी कुणीतरी मोठा पाहुणा यायचा. इथं आल्यापासून दोन वर्षं मीही गप्प बसले होते, हे कबूल करते.

रुक्मिणबाईंना विचारलं. “असू द्या म्याडम,” त्या म्हणाल्या. निघता निघता म्हणाल्या, “ह्या टायमाला सासूबाई बघायला येणार होत्या. लय दिवसापासून म्हणायल्यात.”

बीडीओ साहेबांना फोन लावला. “तुमच्या लेव्हलला मिटवा,” साहेब म्हणाले.

मग भगवानरावांना गाठलं.

“म्याडम, बाई समुंदर ओलांडून आल्यात. त्यांना नुसतं बसवायचं व्हय?”

“दिल्लीत परदेशातले राष्ट्राध्यक्ष येतात. तिथं झेंडा कोण फडकवतं?”

“आपले राष्ट्रपती.”

“आणि पाहुणे?”

“खुर्चीवर असतेत. पण तिथं त्यांना बघायला परेड असती. आमच्याकडं काय हाय?”

“तुम्ही काढा की.”

मला वाटलं, विषय संपला. संध्याकाळपर्यंत त्यांनी नऊ ट्रॅक्टर, शाळेचं लेझीम पथक, बचत गटाच्या बायका आणि ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर एवढं जमवलं.

सव्वीस जानेवारीला झेंडा खांबावर वरच बांधलेला असतो. घडीत फुलांच्या पाकळ्या, वर सरकगाठ. दोरी बेतानं ओढली की गाठ सुटते, हिसका दिला की आवळते. मी कार्यालयामागं रुक्मिणबाईंकडून टॉवेलावर सराव करून घेतला. दोनदा टॉवेल अडकला. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यावर पडला.

सव्वीसच्या सकाळी बॅनरवरच्या ओळीवर पांढरा कागद चिकटवला. रुक्मिणबाईंनी दोरी ओढली. झेंडा हलेना. मागून भगवानराव म्हणाले, “जोर लावा.” बाईंनी ऐकलं नाही. हात सैल सोडला, पुन्हा हळूच ओढला. झेंडा उघडला आणि पाकळ्या सगळ्या भगवानरावांच्या फेट्यावर.

राष्ट्रगीत झालं. पाहुण्यांशेजारच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, “जमलं की.” रुक्मिणबाईंनी पदर सारखा केला.

पाहुण्या काहीतरी बोलून हसल्या. सोबत दुभाषी म्हणून आलेल्या विद्यार्थिनीनं मराठीत सांगितलं, “म्हणतात, दोरी मला ओढायचीय असं कळलं होतं. दुसऱ्याच्या देशाचा झेंडा अडकला तर काय, म्हणून वाटभर घाम फुटला होता.”

मग परेड. भगवानराव पहिल्या ट्रॅक्टरवर उभे राहून सलामी देत गेले. पाहुण्यांनी सगळ्यांत जास्त टाळ्या गळक्या टँकरला वाजवल्या. त्यांच्या गावातही अगदी तसाच आहे म्हणे.

तेव्हापासून मी कार्यक्रमाची यादी करताना एवढंच बघते. पाहुण्याला खुर्ची द्यावी, उपसरपंचाला काम द्यावं. मग दोरी जिची तिच्या हातात राहते.