हरणाचा धडा

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, आणि आम्ही काय वाचायचं हे तीच ठरवायची. इतकी वर्षं झाली, तरी हे सांगताना माझं डोकं फिरतं. आप्पांचा निपाणीत तंबाखूचा व्यापार. त्यांना वाचता येत होतं, पण निम्मा वेळ खेडोपाडी तंबाखूची खरेदी करण्यात जाई, आणि घरातल्या भानगडी आईवर सोपवून ते मोकळे होत.

नवं वाचनाचं पुस्तक घरात आलं की पहिल्याच दिवशी मला ते सबंध मोठ्यानं वाचून दाखवावं लागे. आई सोप्यात तांदूळ निवडत बसे. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, तिनं ऐकलं होतं की पाप स्वतः करा, दुसऱ्याकडून करवा किंवा कुणी केलेलं पाहून मनातल्या मनात खूश व्हा, फळ सारखंच. म्हणजे शिकारीची गोष्ट आवडीनं वाचणारी पोर आणि शिकारी तिच्या लेखी एकच. मासे, कोंबडी, मधाचं पोळं, बंदूक, यांतलं काहीही आलं की ती हात वर करी. मग आप्पा कणकेची खळ घेऊन ती पानं एकमेकांना चिकटवत. फाडायची नाहीत, कारण छापील अक्षर म्हणजे ज्ञान, त्याचा अपमान नको. पावसाळ्यात त्या खळीला किडे होत. ते न मारता मऊ फडक्यानं उचलून अंगणात सोडायचे, आणि तेही मीच. सगळ्या मुलखाला खोकायला लावणारा तंबाखू आमच्या घरात आढ्यापर्यंत रचलेला असे. त्यावर मात्र कुणी हात वर केला नाही.

शाळेत मुली विचारत, ‘आज तुझ्या पुस्तकाचा उपास हाय काय गं?’ मी चिकटलेली पानं हाताखाली झाकून घेई.

चौथीत असताना आमच्या बाईंनी सांगितलं की सातवीपर्यंत शिकलीस तर बेळगावात मास्तरीण व्हायचं शिक्षण मिळतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आप्पा म्हणाले, चौथीला दिपोटीसाहेबांसमोर नीट पास झालीस तर पाचवीत घालू. दिपोटी म्हणजे वर्षातून एकदा शाळा तपासायला येणारे साहेब. ते कुठला धडा विचारतील याचा नेम नसे. आता निम्मं पुस्तक चिकटवलं तर मी सांगणार काय?

म्हणून त्या वर्षी मी खोटं वाचलं. पुस्तकात राजा रानात जातो आणि पळत्या हरणाला बाण मारतो. मी वाचलं की राजाला हरणाचे डोळे दिसले, त्यानं धनुष्य खाली ठेवलं, हरणाला हिरवं गवत चारलं आणि तो परत गेला. आईचा हात वर झाला नाही. तांदूळ निवडायचा तेवढा थांबला. तिला ती गोष्ट इतकी आवडली की पुढं वर्षभर, हातातलं काम संपलं की ती म्हणे, ते हरणाचं वाच. मी पानावर डोळे ठेवून बोलत असे. डोळ्यांना बाण दिसे आणि तोंडातून गवत निघे. शंभरदा तरी ती गोष्ट सांगितली असेन.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी नेमका तोच धडा काढला. पुस्तक मिटायला लावलं आणि म्हणाले, हरणाची गोष्ट सांग. मी उभी राहिले आणि न अडखळता घडाघडा सांगितली. गवत चारून झालं तेव्हा मागच्या मुली हसल्या, आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी आईला सांगायची गोष्ट सांगून बसले. हे कुठं वाचलंस, असं साहेबांनी विचारलं. भीतीनं मी म्हणाले, पुस्तकात. साहेबांना वाटलं पोरगी चेष्टा करते आहे. त्यांनी मला नापास केलं.

त्याच दिवशी बाई आमच्या घरी आल्या. मुलगी हुशार आहे, एक वर्ष आणखी द्या, असं सांगायला. बोलता बोलता हसत हसत त्यांनी गवताची हकीकत सांगून टाकली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या गेल्यावर आई माझ्याकडे वळली.

“म्हंजे राजानं हरण मारलं व्हय?”

मी होय म्हणून मान हलवली. आता पापाचं पुराण सुरू होणार असं वाटलं. पण पापाचा शब्दही तिनं काढला नाही.

“मला वाचाय येत न्हाय म्हणून वरीसभर फशिवलंस.”

परीक्षेसाठी केलं, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हणाले, “व्हय. येत न्हाय म्हणूनच.”

आप्पांनी एकदाच माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. आई त्यांना म्हणाली, “पानं चिकटिवता येत्यात. हिचं तोंड कसं चिकटिवणार?” ज्यांना वाचता येत होतं ते आप्पा खाली मान घालून जोडे घालू लागले. त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. माझं नाव शाळेतून काढलं. मी आईशी कामापुरतं बोलू लागले, आणि तीही.

चारेक वर्षांनी संकेश्वरहून मामाचं कार्ड आलं. कोपरा फाडलेला होता, म्हणजे कुणीतरी गेलं हे आईला न वाचताही कळलं. आप्पा बाहेरगावी होते. तिनं कार्ड माझ्यापुढं धरलं. तिची आई गेली होती. माझी नजर पुढच्या ओळींवर गेली. मामानं तिला लिहिलं होतं की दोन दिवस आपल्या आईनं तुझी वाट पाहिली, मग म्हणाली, तिला कळवू नका, ती यायची नाही. एवढ्या ओळी गाळून ‘शांतपणे गेली’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. तशी वाक्यं माझ्या तोंडात तयार असत.

मी एकेक शब्द सावकाश वाचला.

आई भिंतीला टेकली. म्हणाली, “असंच लिवलंय?”

“तूच बघ की,” मी म्हटलं, आणि कार्ड तिच्या हातात दिलं.